चौलची खापरे आणि विद्यापीठातले कपाट

कान्हेरीच्या डोंगरात पाण्याच्या एका टाक्यापाशी ब्राह्मी अक्षरांत कोरलेला छोटासा लेख आहे. चेमुलचा सोनार सुलसदत्त, रोहिणीमित्राचा मुलगा, याने हे टाके दान दिले, एवढाच त्याचा मजकूर. चेमुल म्हणजे आमचे चौल. सातवाहनांच्या काळात आमच्या गावच्या एका सोनाराने भिक्षूंच्या पाण्याची सोय केली आणि आपले, बापाचे व गावाचे नाव दगडात ठेवून दिले. त्याने घडवलेला एकही दागिना आज दाखवता येत नाही. चौलच्या कलेबद्दल लिहायला बसले की पहिल्या ओळीलाच ही अडचण येते. करणाऱ्याचे नाव आहे, वस्तू नाही. पुढच्या काळात वस्तूंची वर्णने मिळतात, तर करणाऱ्यांची नावे नाहीशी झालेली असतात.

वर्णनांना तोटा नाही. ग्रीक दर्यावर्दींनी या बंदराला सेमिल्ला म्हटले, टॉलेमीने सिमिला. अरबांनी सैमूर म्हटले. अल् मसूदी इथे इसवी सन ९१६च्या सुमारास येऊन गेला, तेव्हा शिलाहार राजा झंझ राज्य करत होता. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी घोडा घेऊन इथेच उतरला. सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्यात राहिलेला फ्रेंच प्रवासी पिरार्ड चौलच्या रेशमाची मनापासून तारीफ करतो, आणि रेशमाबरोबर इथल्या पेट्यांची, चिनी धर्तीच्या कपाटांची, लाखेचे रंग चढवलेल्या पलंगांचीही. एवढे सगळे ज्या गावात होत होते तिथे अलिबागहून रेवदंड्याला जाणाऱ्या एस.टी.तून चौल नाक्यावर उतरले की नारळ-पोफळीच्या वाड्या दिसतात, रामेश्वराचे देऊळ आणि पुष्करणी दिसते, दत्ताच्या डोंगराच्या पायऱ्या दिसतात. रेशमाचा माग एकही दिसत नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी चौलचे विणकर मुंबईला बोलावले आणि त्यांना राहायला कोटात जागा दिली. माग त्यांच्याबरोबर गेले. लाखेचे पलंग कुठल्या कुठल्या देशांत असतील, पण त्यांच्यापुढच्या पाटीवर चौलचे नाव मी वाचलेले नाही.

गावात उरली ती खापरे. आमच्या वाडीत पोफळीची आळी खणताना ती निघायची. आजी ती उचलून कडेच्या गडग्यावर टाकायची, म्हणजे शिंपण करणाऱ्याच्या पायाला लागू नयेत. त्यांत काही तुकडे निळसर हिरव्या झिलईचे असत, आणि पाण्याने भिजले की ऊन पडल्यावर चमकत. त्या झिलईची भांडी इराणच्या आखातातून येत, हे मला पुढे पुण्यात डेक्कन कॉलेजात शिकताना कळले, आणि ते कळण्यासाठी एका कपाटाची गरज लागली. त्या कपाटात तसेच तुकडे कापडी पिशव्यांत ठेवलेले होते. प्रत्येक पिशवीला चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर गाव, ट्रेंच, थर, खोली लिहिलेली होती. गडग्यावरचे खापर आणि कपाटातले खापर यांत मातीचा फरक नव्हता. फरक त्या चिठ्ठीचा होता. पुढे मी एका कॉलेजचे छोटे संग्रहालय बरीच वर्षे सांभाळले, आणि त्या कामात जे काही शिकले त्याचे मूळ या चिठ्ठीत आहे.

विद्यापीठाच्या आवारात संग्रहालय असावे, ही कल्पना जगात पहिल्यांदा नीट रुजली ती ऑक्सफर्डला. एलियास ॲशमोलने दिलेल्या संग्रहातून तिथले ॲशमोलियन संग्रहालय १६८३ साली उघडले. त्याचा पहिला प्रमुख रॉबर्ट प्लॉट हा त्याच विद्यापीठात रसायनशास्त्राचा प्राध्यापकही होता. वर वस्तू मांडलेल्या आणि तळघरात रसायनशाळा. मला ही मांडणी फार आवडते. वस्तू दाखवणारा, वस्तू तपासणारा आणि मुलांना शिकवणारा तिघे एकच असावेत, हे त्या इमारतीतच बांधलेले होते. त्याच १६८३ सालात संभाजी महाराजांच्या फौजांनी पोर्तुगीजांच्या चौलला, म्हणजे आताच्या रेवदंड्याला, वेढा घातला होता. आमच्याकडे तेव्हा वस्तू जपायचा काळ नव्हता. १५०८ साली याच खाडीच्या तोंडाशी व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सू द आल्मेदा लढाईत पडला, १५७०-७१ला मुर्तजा निजामशहाचा वेढा पडला, १७४०ला पोर्तुगीजांनी चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या हवाली केले. दर वेळी कोणाचे तरी घर, कोणाची तरी पेटी, कोणाचे तरी देवघर उधळले गेले असणार.

चौलच्या वस्तूंकडे आणि अवशेषांकडे अभ्यासाच्या नजरेने पाहणारा पहिला मोठा माणूस माझ्या मते जुझे गेर्सन द कुन्हा. मूळ गोव्याचा, मुंबईत डॉक्टरकी करणारा. त्याचे चौल आणि वसईवरचे इंग्रजी पुस्तक १८७६ साली मुंबईत छापले गेले. गोव्याचा माणूस असल्याने पोर्तुगीज दफ्तरे त्याला वाचता येत, आणि प्रत्यक्ष जागा पाहिल्यामुळे पडक्या चर्चपासून हमामापर्यंत सगळ्यांची त्याने दखल घेतली. पोर्तुगीज-हिंदी नाण्यांवरही त्याने १८८० साली लिहिले. त्याच्याजवळ नाण्यांचा मोठा संग्रह होता. पण एकट्या माणसाच्या आवडीने जमलेला संग्रह त्या माणसाच्या आयुष्याएवढाच सुरक्षित असतो. त्याच्यामागे कोण सांभाळणार, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात मिळायला आणखी पन्नास वर्षे गेली, आणि ते कॉलेजांच्या आवारातून मिळाले.

१९२६ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर हेन्री हेरास यांनी इतिहास संशोधनाची संस्था काढली. स्पेनहून आलेला हा जेझुइट पाद्री शिल्पे, नाणी, ग्रंथ, ख्रिस्ती हस्तिदंती मूर्ती असे सगळे एका छताखाली आणत गेला, आणि ते आणण्यामागचा हेतू विद्यार्थ्यांनी त्यावर काम करावे असा होता. ज्या संघाच्या मठाचे अवशेष आमच्या रेवदंड्याच्या तटाच्या आत पडलेले आहेत, त्याच संघातला हा माणूस. हेरास यांच्या हाताखाली एम.ए.चा प्रबंध लिहिणाऱ्या एका विद्यार्थ्याचा विषय होता नालंदा विद्यापीठ. त्या विद्यार्थ्याचे नाव हसमुख धीरजलाल सांकलिया.

सांकलिया १९३९ साली पुण्याला डेक्कन कॉलेजात आले. कॉलेजचे मूळ १८२१च्या पुण्याच्या संस्कृत पाठशाळेत, येरवड्याकडची दगडी इमारत १८६८ची. टिळक-आगरकर तिथले. १९३४ साली सरकारने ते बंद केले, माजी विद्यार्थी कोर्टात गेले, आणि १९३९च्या ऑगस्टमध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून ते पुन्हा उघडले. त्याच वर्षी साताऱ्याहून एक मोठा ठेवा तिथे आला. दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी आयुष्यभर जमवलेला, नाना फडणविसांच्या मेणवलीच्या दफ्तरासह कागदपत्रे, चित्रे, नकाशे असलेला संग्रह. सरकारी मदतीने साताऱ्यात त्याचे संग्रहालय १९२५ला झाले, १९२६ला पारसनीस गेले, आणि पुढे सांभाळायला आवार शोधावे लागले. तो ठेवा डेक्कन कॉलेजात आला तेव्हा मराठ्यांच्या इतिहासाचे काम त्र्यंबक शंकर शेजवलकर तिथे करत होते. पानिपतावरचा त्यांचा ग्रंथ १९४६ साली कॉलेजनेच छापला. शेजवलकरांसारखा तर्ककठोर माणूस ज्या आवारात आहे तिथे पारसनिसांच्या हौसेचा संग्रह नुसता शोभेचा राहणे शक्यच नव्हते.

एकाच आवारात दोन संग्रह उभे राहिले. एकीकडे दरबारी चित्रे आणि मोडी कागद. दुसरीकडे सांकलियांच्या लोकांनी नद्यांच्या काठांवरून आणलेली दगडी हत्यारे आणि खापरे. लांघणजच्या उत्खननाला सांकलिया इरावती कर्व्यांबरोबर गेले. मग ब्रह्मपुरी, जोर्वे, नेवासे, इनामगाव. इनामगावचा चार पायांचा रांजण, ज्यात माणसाला बसवून पुरले होते, आणि मातीच्या पेटीतली ती डोके नसलेली देवी. कोणत्याही देशाने अभिमानाने पहिल्या दालनात ठेवावे असे ते काम आहे. घडवणारे शेतकरी होते, गुरेढोरे पाळणारे होते. त्यांना राजाश्रय नव्हता. हे सगळे कलादालनात मोडत नाही असे मानणारे लोक मला बरेच भेटले. कलेचे संग्रहालय म्हणजे चित्रे, ब्राँझ, हस्तिदंत, असा त्यांचा समज. आवारातल्या संग्रहालयाच्या प्रमुखाचे पहिले काम हा समज मोडणे हे आहे, असे मला वाटते. लाल झिलईच्या वाडग्याच्या कडेला कुंभाराच्या बोटाने जो वळसा घेतला आहे, तो काढायला विद्यार्थ्याला पेन्सिल हातात घेऊन तासभर बसवले की त्याला कला म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही.

हे काम दिसते त्यापेक्षा रोजचे आणि बारीक असते. वस्तू आली की पहिल्यांदा नोंदवहीत जाते. क्रमांक, तारीख, कुठून, कोणी, किती मोठी, कशी मोडलेली. मग वस्तूवर क्रमांक. आधी वार्निशचा पातळ हात, तो वाळला की भारतीय शाईने बारीक अंक, वरून पुन्हा वार्निश, म्हणजे पुढे गरज पडली तर अंक निघेल आणि खापराला डाग पडणार नाही. नोंदवहीचे पान फाटले आणि क्रमांक पुसला तर ती वस्तू परत गडग्यावर गेली असे समजावे. खाडीकाठच्या वस्तूंचे आणखी एक दुखणे असते ते मिठाचे. चिखलातून काढलेले खापर वाळले की आत मुरलेले मीठ पृष्ठावर फुलते आणि झिलई सोलून काढते. ते गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचे, पाणी बदलत राहायचे, आणि पाण्यात मीठ उरले आहे का ते सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबांनी पाहायचे. पाणी दुधाळ झाले तर पुन्हा बदलायचे. तांब्याच्या नाण्यांवर फिकट हिरवी पूड दिसू लागली की ते नाणे लगेच इतरांपासून वेगळे करावे लागते. पावसाळ्यात कपाटे भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढायची, मागे ओल धरते. वाळवीसाठी पाय तपासायचे. हे सगळे शिपाई, प्रयोगशाळेतला सहायक आणि दुसऱ्या वर्षाची मुले यांच्या मदतीने होते. संग्रहालयासाठी वेगळा माणूस देणारी कॉलेजे मी फार पाहिली नाहीत.

आणि जागा. प्रमुखाचा निम्मा वेळ जागा राखण्यात जातो. मी काम करत होते तिथे एका वर्षी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला आमची खोली मागितली गेली. खोली दोन महिन्यांसाठी द्यावी, पेट्या व्हरांड्यात काढाव्यात, असे सांगण्यात आले. जूनच्या तोंडाशी. मी नोंदवही नेऊन समोर ठेवली आणि एकेका वस्तूच्या नावासमोर ती ओल लागल्यावर तिचे काय होईल ते वाचून दाखवले. गठ्ठे दुसरीकडे गेले. कॅम्पसवर अधिकार कागदाला असतो, आणि संग्रहालयाचा सगळ्यांत बळकट कागद नोंदवही हाच आहे.

अशाच नोंदीने चौलचा एक जुना वाद सोडवायला मदत केली आहे, म्हणून मला तिची इतकी माया. टॉलेमीचे सिमिला आणि कान्हेरीचे चेमुल म्हणजे चौल की मुंबईचे चेंबूर, यावर एकेकाळी विद्वानांत दुमत होते. नावाच्या उच्चारावरून दोन्ही बाजूंनी बोलता येते. चौलमध्ये वर दिसते ते बहुतेक सगळे मध्ययुगीन. राजकोट, हमामखाना, कलावंतिणीचा वाडा, रेवदंड्याचा तट, सातखणी मनोरा. त्याखाली सातवाहन काळ आहे हे जमिनीतूनच दाखवावे लागणार होते. ते काम डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांनी केले. गोगटे पुरातत्त्वातले रसायनाचे माणूस. खापरांची माती क्ष-किरणांनी तपासून ती कुठल्या भागात भाजली गेली ते शोधणे हा त्यांचा अभ्यास. ऑक्सफर्डच्या तळघरातल्या रसायनशाळेची मला इथे आठवण होते. प्राचीन बंदर सापडल्याचा त्यांचा लेख २००३ साली ‘मॅन अँड एन्व्हायर्न्मेंट’मध्ये आला, आणि उत्खननाचा सविस्तर लेख सहकाऱ्यांसह २००६ साली. खाडीच्या बाजूने, आज वाड्या आणि खाजण आहे तिथे, त्यांना सातवाहनकालीन वस्ती मिळाली. भूमध्य समुद्राकडून दारू घेऊन येणाऱ्या अम्फोरा या दोन कानांच्या रांजणांचे तुकडे मिळाले. इराणच्या आखाताकडून येणाऱ्या, आतून डांबराचा लेप दिलेल्या, बिनकानी लांबुळक्या रांजणांचे तुकडे मिळाले. आमच्या गडग्यावरच्या निळसर हिरव्या झिलईचे नातेवाईकही मिळाले.

डांबर लावलेला तो तुकडा हातात घेतला की व्यापार म्हणजे काय ते एकदम समजते. माती मुळातच पाणी झिरपू देते, म्हणून आतून डांबर. डांबर ज्या मुलखात जमिनीतून वर येते तिथला कुंभारच हे करू शकतो. म्हणजे रांजण मेसोपोटेमिया-इराणच्या बाजूचा. तो चौलच्या खाडीत, अमुक थरात, अमुक खोलीवर मिळाला. एवढ्या वाक्यात मसूदीच्या आधीची काही शतके उभी राहतात. यातला ‘अमुक’ हा शब्द कपाटातल्या चिठ्ठीवर लिहिलेला असतो. तो नसेल तर उरते ते एक काळपट खापर. बाजारात प्राचीन मूर्ती आणि नाणी विकणारे लोक नेमके हेच पुसून टाकतात, आणि म्हणून त्यांच्याकडची वस्तू कितीही सुंदर असली तरी विद्यापीठाच्या संग्रहालयाने ती घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. नाही म्हणता येणे हाही प्रमुखाच्या कामाचा भाग आहे.

बनारस हिंदू विद्यापीठातल्या भारत कला भवनाचे राय कृष्णदास, कलकत्ता विद्यापीठाचे १९३७चे आशुतोष संग्रहालय, पुण्याचे डेक्कन कॉलेज, ही नावे मी एका माळेत घेते. राय कृष्णदासांनी आपला संग्रह १९५० साली विद्यापीठाच्या आवारात आणला आणि स्वतःही त्याच्याबरोबर राहिले. सांकलियांनी तर शेवटपर्यंत सामान्य वाचकासाठी लिहिणे सोडले नाही. म. श्री. माटे यांच्याबरोबर ‘महाराष्ट्रातील पुरातत्त्व’ मराठीत आणले. पुरातत्त्वाचा मोठा भाग इंग्रजीत लिहिला जातो, आणि ज्या गावात खड्डा खणला त्या गावाला अहवाल वाचता येत नाही. आमच्या चौलच्या बाबतीत हे शब्दशः खरे आहे. माझ्या पाखाडीतल्या माणसांना खड्डे खणलेले आठवतात, पिशव्या भरून नेलेल्या आठवतात. पुढे काय कळले ते त्यांना कोणी सांगितलेले नाही. गावात चौलला तीनशे साठ देवळे आणि तीनशे साठ तळी होती असे सांगतात, ते अभिमानाने सांगतात. त्याच अभिमानाने डांबराच्या रांजणाची गोष्टही सांगतील, कानावर पडली तर.

रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात २००२ साली निकितीनचा स्मारकस्तंभ उभारला गेला. रशियातून लोक तो पाहायला येतात. जिथे एका परदेशी प्रवाशाची आठवण शाळेच्या आवारात मावते, तिथे चौलच्या स्वतःच्या मातीची एक खोलीही मावेल. मूळ वस्तू पुण्यातच राहाव्यात. खाऱ्या हवेत त्या टिकवण्याची यंत्रणा गावात नाही, आणि संशोधकांना त्या एकत्र हव्यात. पण प्रत्येक प्रकारचे चार-दोन साधे, दुय्यम तुकडे, उत्खननाच्या नोंदवहीची मराठीतली नक्कल, थरांचे मोठे रेखाचित्र, कान्हेरीच्या लेखाचा ठसा, आणि भिंतीवर या खाडीपासून बसऱ्यापर्यंतचा नकाशा एवढे देता येईल. कोर्लईच्या गल्ल्यांतून अजून ऐकू येणारी पोर्तुगीज मुळाची बोली तिथल्या म्हाताऱ्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवता येईल. रेवदंड्याच्या बेथ एल सिनेगॉगचा फोटो लावता येईल, कारण बेने इस्रायलही या किनाऱ्याचेच. थेरोंड्याच्या आणि आग्रावच्या कोळ्यांच्या होड्यांचे सांगाडे मोजून काढता येतील, त्या बांधणारे सुतार अजून आहेत.

खोली सांभाळायला शाळेतलाच इतिहासाचा शिक्षक हवा. त्याला आठवड्यातले चार तास तासिकांतून मोकळे मिळावेत, आणि सुट्टीत पुण्याला जाऊन खापर धुणे, क्रमांक घालणे, रेखाटणे हे शिकून यायची सोय व्हावी. डेक्कन कॉलेज अशी माणसे अनेक वर्षे घडवत आले आहे. पोफळीची आळी खणताना निघालेला तुकडा मुलांनी त्याच्याकडे आणून द्यावा, आणि त्याने तो घ्यायच्या आधी विचारावे: कोणाच्या वाडीत, किती खोल, शेजारी काय होते.